हेक्साडेकेनची टक्केवारी आणि प्लेटवरचा जांभळा रंग जुळत का नाहीत

प्रश्न असा आहे: गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाजवळ बुडवून ठेवलेल्या काचेच्या आणि पॉलिस्टायरिनच्या पट्ट्यांवरून चार जिवाणू वेगळे केले. हेक्साडेकेन या तेलकट द्रवाला किती टक्के पेशी चिकटतात, त्या चाचणीत त्यांतल्या एकाची टक्केवारी एकदा सत्तरच्या आसपास आली, पुढच्या आठवड्यात पस्तीस. आणि ज्या आयसोलेटची (वेगळ्या केलेल्या जिवाणूची) टक्केवारी सगळ्यांत कमी, तोच मायक्रोटायटर प्लेटमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांच्या प्लास्टिक ताटलीत, क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने सगळ्यांत गडद रंगला. एम.एस्सी.च्या प्रबंधात यांतली कुठली पद्धत खरी म्हणून लिहायची?

दोन्ही लिहा. सत्तर आणि पस्तीसमधला फरक मात्र शोधून काढल्याशिवाय लिहू नका. हायड्रोफोबिसिटी (पाण्याला टाळण्याचा गुण, जलविरोधीपणा) हा जिवाणूचा वजनासारखा एकच ठरीव आकडा नाही. पेशी कशी वाढवली, कशात धुतली, कुठल्या द्रवात आणि कुठल्या पृष्ठभागासमोर ठेवली, यावर उत्तर ठरते. प्रत्येक पद्धत वेगळा प्रश्न विचारते. म्हणून आधी पेशींबद्दल बोलू, मग पद्धतींबद्दल.

ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) वाढवलेली आणि अगारवरून (घट्ट माध्यमावरून) खरवडलेली एकाच आयसोलेटची पेशी पृष्ठभागाने सारखी नसते. लॉग फेजमधली (वेगाने वाढणारी) आणि रात्रभर वाढून स्टेशनरी फेजला (वाढ थांबलेल्या अवस्थेला) पोचलेली पेशीही सारखी नसते. रात्रभर म्हणजे कधी चौदा तास, कधी वीस, असे चालत असेल तर आकडे हलणारच. वेळ मोजण्यापेक्षा ओडी, म्हणजे द्रवाचा गढूळपणा, मोजून पेशी काढणे चांगले. सेंट्रिफ्यूजचा वेग हा दुसरा मुद्दा, आणि त्याकडे फारसे कुणी बघत नाही. पेशी जोरात फिरवून तळाशी घट्ट गोळा (पेलेट) केल्या की त्यांच्यावरचे तंतू आणि बाहेरचा चिकट थर घासला जातो, पृष्ठभाग बदलतो. पेशी तयार करण्याच्या रीतीनेच पृष्ठभागाचे गुण कसे बदलतात, यावर १९९९ साली पेम्ब्री, मार्शल आणि श्नायडर यांनी सविस्तर काम प्रसिद्ध केले. पद्धत निवडण्याआधी ते वाचावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. व्यवहारात एवढे पाळा: पेशी बसतील इतकाच कमी वेग ठेवा, पेलेट हळुवार सोडवा आणि धुण्याची संख्या प्रत्येक वेळी तीच ठेवा. दोनदा धुतलेल्या आणि चारदा धुतलेल्या पेशींची तुलना होत नाही.

तुमचे जिवाणू खाऱ्या पाण्यातले आहेत, म्हणून आणखी एक. त्यांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुऊ नका. कित्येक समुद्री जिवाणू त्यात फुटतात, आणि फुटलेल्या पेशींमुळे ओडी उतरली की ती तेलाला चिकटल्यासारखीच दिसते. आधी साधी तपासणी करा: तुमच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पेशी अर्धा तास नुसत्या ठेवून ओडी स्थिर राहते का ते बघा. उतरत असेल तर त्या बफरमधली कुठलीही टक्केवारी निरर्थक आहे.

आयसोलेट मिळाल्याबरोबर ग्लिसरॉल स्टॉक करून खोल गोठवणीत ठेवा. पौष्टिक माध्यमावर पुनःपुन्हा सबकल्चर केलेला (नव्या माध्यमावर हलवून वाढवलेला) जिवाणू हळूहळू प्रयोगशाळेचा होतो. पट्टीवर चिकटून राहण्यासाठी त्याला जे लागत होते ते टिकवण्याचे कारण उरत नाही. पहिल्या आठवड्यात एका पिढीवर आणि पुढच्या आठवड्यात कित्येक पिढ्यांनंतरच्या कल्चरवर चाचणी झाली असेल, तर सत्तर आणि पस्तीस यांचा उलगडा तिथेच होऊ शकतो.

आता हेक्साडेकेन. ही चाचणी मेल रोझेनबर्ग, डेव्हिड गटनिक आणि यूजीन रोझेनबर्ग यांनी १९८० मध्ये मांडली. ती ज्यातून आली ती पार्श्वभूमी आपल्याला जवळची आहे. ते कच्च्या तेलावर वाढणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर आरएजी-१ या जिवाणूवर काम करत होते. त्याच्या अंगावरचे बारीक तंतू त्याला तेलाच्या थेंबाला चिकटवून ठेवतात आणि ते नसलेला म्युटंट (बदललेला वाण) हेक्साडेकेनवर नीट वाढू शकत नाही, हे पुढे १९८२ मध्ये दाखवले गेले. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर जे डांबरगोळे येतात, त्यांवरचे जिवाणू तुम्ही अभ्यासत असता तर ही चाचणी म्हणजे थेट त्यांच्या जगण्याचेच मोजमाप ठरली असती. पट्टीवरच्या जिवाणूसाठी ती आडून केलेली विचारणा आहे, हे ध्यानात ठेवावे.

मूळ रीत थोडक्यात अशी. पेशी पीयूएम बफरमध्ये धुऊन त्यातच सस्पेंड करायच्या. एक लिटरमध्ये डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ट्रायहायड्रेट २२.२ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ७.२६ ग्रॅम, युरिया १.८ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२ ग्रॅम, पीएच ७.१. गोल बुडाच्या काचेच्या नळीत १.२ मिलिलिटर सस्पेन्शन, त्यावर मोजून हायड्रोकार्बन. ३० अंशांवर १० मिनिटे ठेवायचे, १२० सेकंद एकसारखे ढवळायचे, १५ मिनिटे थर वेगळे होऊ द्यायचे आणि खालच्या पाण्याच्या थराची ४०० नॅनोमीटरला ओडी वाचायची. आधीच्या ओडीतून नंतरची वजा करून आधीच्या ओडीने भागायचे आणि शंभरने गुणायचे. दिसायला एवढे सोपे असल्यामुळेच ती सगळीकडे पसरली.

यात ढवळणे हीच खरी किल्ली आहे. पेशी ज्याला चिकटते तो पृष्ठभाग म्हणजे तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ व्होर्टेक्सचा (नळी हलवून ढवळणाऱ्या यंत्राचा) वेग, नळीचा व्यास, भरलेली उंची आणि तेलाचे प्रमाण यांवर ठरते. दोन वेगळ्या व्होर्टेक्सवर केलेली चाचणी ही दोन वेगळ्या चाचण्याच असतात. एकच यंत्र, वेगाच्या खुंटीवर खूण, एकाच मापाच्या नळ्या आणि एकाच माणसाचा हात, एवढे केले तरी विखुरणे बरेच कमी होते. नळ्या काचेच्याच घ्या आणि आम्लाने धुतलेल्या. प्लास्टिकच्या भिंतीला पेशी स्वतःच चिकटतात. झायलीन किंवा टोल्युइन वापरणार असाल तर पॉलिस्टायरिनचे क्युव्हेट (ओडी वाचायची छोटी पेटी) त्यात विरघळते. ही द्रव्ये फ्यूम हूडमध्येच हाताळा.

तापमान तर गोव्यात मुद्दाम सांगायला हवे. हेक्साडेकेन सुमारे १८ अंशांना गोठते. दमट हवेला कंटाळून खोलीचा एसी अगदी खाली लावलेला असतो, बफर फ्रिजमधून नुकतेच काढलेले असते, आणि नळीतले तेल घट्ट व्हायला लागते. अशा तेलाचे बारीक थेंब होत नाहीत, टक्केवारी पडते. तीच चाचणी मे महिन्यात एसी बंद असताना केली की वर जाते. सगळे काही ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये आणूनच ढवळायला घ्या. गोठण्याचा उपयोगही करून घेता येतो: थर वेगळे झाल्यावर नळी थंड केली की वरचे तेल घट्ट होते आणि खालचा थर न गढुळता काढता येतो. मात्र ते सर्व नळ्यांना सारखेच करा.

नियंत्रक नळ्या तीन हव्यात. फक्त बफर आणि तेल, कारण पाण्यात अडकलेले सूक्ष्म थेंब स्वतःच ओडी दाखवतात. तेलाशिवाय ढवळलेल्या पेशी, कारण काही जिवाणू ढवळल्यावर आपसात गुठळ्या करून खाली बसतात. आणि एक ओळखीचा, प्रत्येक वेळी तोच स्ट्रेन, म्हणजे आजचा दिवस कालच्यासारखा आहे की नाही ते कळेल. नंतर पाण्याच्या थरातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. गुठळ्या दिसल्या तर टक्केवारी लिहू नका. वरच्या थरातलाही थेंब बघा. थेंबाच्या कडेने ओळीने बसलेल्या पेशी एकदा डोळ्यांनी पाहिल्या की ही चाचणी काय मोजते ते पक्के समजते.

आता त्यातले खरे वादाचे ठिकाण. नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या बुशर, फान डर मै आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पाण्यातले हेक्साडेकेनचे थेंब विद्युतदृष्ट्या उदासीन नसतात. उदासीन पीएचला त्यांवर चांगलाच ऋण भार असतो. बहुतेक जिवाणूंवरही ऋण भार असतो. म्हणजे चाचणीत जलविरोधी आकर्षण आणि विद्युत प्रतिकर्षण दोन्ही एकत्र मोजली जातात. पेशी पाण्याला टाळणारी असूनही भारामुळे थेंबापासून दूर राहू शकते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि बफर न सांगता नुसती टक्केवारी छापणे मी स्वीकारत नाही.

भाराचा पल्ला, म्हणजे तो जाणवतो ते अंतर, क्षारांवर अवलंबून असतो. १० मिलिमोलरच्या साध्या क्षारद्रावणात तो सुमारे ३ नॅनोमीटर, समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. पीयूएममध्ये फॉस्फेट एकूण ०.१५ मोलरच्या आसपास आहे, म्हणून भार बऱ्यापैकी झाकला जातो. पीबीएस या मीठ-फॉस्फेटच्या नेहमीच्या बफरमध्ये तो त्याहून कमी झाकला जातो. एका आठवड्यात पीयूएम संपले म्हणून पीबीएस घेतले असेल तर तुम्ही नकळत प्रश्नच बदलला. तुमच्या आयसोलेटसाठी मी दोन द्रवांत चाचणी करेन: एक कृत्रिम समुद्रपाणी, आणि दुसरा पेशी टिकतील इतपत कमी क्षारांचा बफर. मेमध्ये झुआरीच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट असते आणि जुलैत गोड्या पाण्याचा लोंढा येतो. त्यामुळे हे दोन द्रव नदीतल्या खऱ्या परिस्थितीशीही जोडता येतात. खारटात टक्केवारी उंच आणि कमी क्षारांत खूप खाली असेल, तर फरक भाराचा आहे. दोन्हीकडे उंच असेल तर पेशी खरोखरच जलविरोधी आहे असे म्हणायला आधार मिळतो.

एका वेळेच्या टक्केवारीपेक्षा वेग मोजणे जास्त भरवशाचे. लिख्टेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सुचवल्याप्रमाणे वेगवेगळ्या नळ्या वेगवेगळे सेकंद ढवळा, उरलेल्या ओडीच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम काळासमोर मांडा आणि सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार घ्या. दोन जिवाणू १२० सेकंदांनंतर सारखेच नव्वदच्या घरात असतात, पण एक तिथे काही सेकंदांत पोचलेला असतो आणि दुसरा शेवटी शेवटी. उतार तो फरक दाखवतो.

पेशीच्या पृष्ठभागाची इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची वृत्तीही हवी असेल तर क्लोरोफॉर्मची तुलना हेक्साडेकेनशी आणि एथिल ॲसिटेटची डेकेनशी करतात. १९९६ मध्ये बेलोन-फोंतेन आणि सहकाऱ्यांनी ही रीत मांडली. चार आयसोलेटच्या प्रबंधाला ती परवडते, पण वरची शिस्त बसल्यानंतरच.

अमोनियम सल्फेटने गुठळ्या करण्याची चाचणी मी पहिली चाळणी म्हणून वापरतो. काचेच्या स्लाइडवर पेशींचा एक थेंब आणि वाढत्या तीव्रतेच्या अमोनियम सल्फेटचा तेवढाच थेंब, दोन मिनिटे हलवायचे आणि ज्या सर्वांत कमी मोलॅरिटीला गुठळ्या दिसतात ती लिहायची. ती जितकी कमी, तितकी पेशी जलविरोधी. लिंडाल आणि सहकाऱ्यांची ही १९८१ ची रीत स्वस्त आणि जलद आहे. पण बिनमिठाच्या बफरमध्येच गुठळ्या करणाऱ्या जिवाणूला ती लागू होत नाही, आणि समुद्री पेशी मुळात क्षारात सस्पेंड केलेल्या असल्यामुळे तुमच्या बाबतीत तिचा आकडा इतरांच्या तक्त्याशी ताडू नका. ऑक्टिल किंवा फेनिल सेफारोजच्या (जलविरोधी मणी भरलेल्या) छोट्या कॉलमची रीत त्याआधीची. गुठळ्या करणारे आणि साखळीने वाढणारे जिवाणू त्यात नुसते अडकूनही राहतात. मी ती आता क्वचितच सुचवतो.

काँटॅक्ट अँगल, म्हणजे थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन, ही पद्धत पेशीच्या पृष्ठभागाबद्दल सर्वांत जास्त सांगते, आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त सतावतेही. पेशींचा दाट थर ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरवर ओढून घ्यायचा, तो हवेत सुकू द्यायचा आणि त्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून कोन मोजायचा. थर ओला असताना कोन जवळजवळ शून्य येतो, मग वाढत जातो आणि काही वेळ स्थिर राहतो. तो स्थिर पट्टा हेच मोजमाप. त्यानंतर पेशी स्वतःच कोरड्या पडतात आणि कोन खोटा होतो. पुस्तकांत अर्ध्या तासाची वेळ वाचून जुलैत गोव्यात कोन घेतला तर थर अजून ओलाच असतो. म्हणून वेळ नक्कल करू नका. दर पाच-दहा मिनिटांनी नवा थेंब ठेवून तुमचा स्वतःचा स्थिर पट्टा शोधा, आणि जमल्यास सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये आर्द्रता सारखी ठेवा. पाणी, फॉर्मामाइड आणि डायआयोडोमेथेन अशा तीन द्रवांचे कोन घेतले तर पृष्ठभागाची ऊर्जा काढता येते. यंत्र मायक्रोबायोलॉजीच्या विभागात बहुधा नसते. रसायनशास्त्रात, किंवा रंग-लेप आणि मटेरियल्सवर काम करणाऱ्यांकडे विचारा. समुद्री थरात मिठाचे स्फटिक उरले तर कोन बिघडतो, म्हणून फिल्टरवर शेवटी कमी क्षारांच्या बफरचा हलका हात द्यावा लागतो, तोही पेशी फुटणार नाहीत अशा बेताने.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, प्लेट. चोवीस तास ब्रॉथ घालून ठेवलेली मायक्रोटायटर प्लेट चिकटणे मोजत नाही. चिकटणे, वाढणे, पेशींभोवतीचे चिकट मॅट्रिक्स तयार करणे आणि धुताना टिकणे, या सगळ्यांचा एकत्रित परिणाम ती दाखवते. क्रिस्टल व्हायोलेट जिवंत पेशी, मेलेल्या पेशी आणि मॅट्रिक्स यांत फरक करत नाही. म्हणून हेक्साडेकेनला फारसा न जाणारा, पण भरपूर चिकट पॉलिसॅकराइड सोडणारा जिवाणू प्लेटमध्ये पहिला येणे यात विसंगती मुळीच नाही. चिकट थर पेशीला पाण्याशी जवळीक करायला लावतो, म्हणून तेलाची टक्केवारी कमी. आणि तोच थर पृष्ठभागावर घट्ट बसतो, म्हणून रंग गडद.

समुद्री जिवाणू आधी सुटा आणि मग कायमचा असा दोन टप्प्यांत चिकटतो, हे मार्शल, स्टाउट आणि मिचेल यांनी १९७१ मध्ये मांडले. पेशीच्या पृष्ठभागाच्या भौतिक गुणांचा प्रभाव पहिल्या टप्प्यात मोठा. तो बघायचा तर पेशी पोषण नसलेल्या द्रवात, एक-दोन तासच प्लेटमध्ये ठेवा. दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी करा: एक दोन तासांची पोषणाविना आणि एक चोवीस तासांची ब्रॉथची. चोवीस तासांच्या प्लेटमध्ये रंग देण्याआधी प्रत्येक खळग्याची वाढीची ओडी घ्या, नाहीतर जोमाने वाढणारा जिवाणू जास्त चिकटणारा वाटतो.

प्लेट कुठली घेतली तेही लिहा. टिश्यू कल्चरसाठीची पॉलिस्टायरिन प्लेट मुद्दाम पाण्याला मानवेल अशी केलेली असते, साधी प्लेट जलविरोधी असते. फ्लेचर आणि लोब यांनी १९७९ मध्ये एका समुद्री स्यूडोमोनासला वेगवेगळे पृष्ठभाग देऊन पाहिले, तेव्हा तो टेफ्लॉन, पॉलिइथिलीन, पॉलिस्टायरिन अशा जलविरोधी प्लास्टिकवर जास्त बसला. पण नदीत पट्टी उतरवल्यावर तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर लवकरच बसतो आणि जिवाणूला भेटतो तो थर, कोरे प्लास्टिक नव्हे. झुआरीच्या गाळलेल्या पाण्यात काही तास भिजवलेली प्लेट आणि कोरी प्लेट यांची तुलना केलीत तर तुमच्या प्रबंधाला गोव्याचा खरा आशय येईल. मांडवी-झुआरीवर बार्ज चालवणाऱ्यांना आणि मुरगाव बंदरातल्यांना जहाजांच्या ज्या जीव-शेवाळाने माखलेल्या तळाशी झगडावे लागते, त्याची सुरुवात या थरापासूनच होते.

धुण्याबद्दल थांबून सांगायला हवे. प्लेट उलटी करून झटकली की पाण्याची कड पेशींवरून सरकते आणि त्या कडेचा पृष्ठताण सैल पेशी उपटून नेतो. ती ओढ पेशीला धरून ठेवणाऱ्या बलाहून मोठी असू शकते. म्हणजे जे मोजले ते चिकटलेले नव्हे, तर झटकूनही उरलेले. अल्पकाळाच्या प्लेटमध्ये याचा परिणाम फार मोठा असतो. तिथे खळगा कधीच पूर्ण रिकामा करू नका: अर्धा द्रव काढा, तेवढाच हळू भरा, असे ठरावीक वेळा करा आणि शेवटी तसाच द्रवाखाली पेशी फिक्स करा. चोवीस तासांच्या प्लेटला ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटे, मग धुणे, वाळवणे, ३० ते ३३ टक्के ॲसिटिक आम्लात रंग सोडवून ५९० नॅनोमीटरच्या आसपास वाचणे, ही नेहमीची रीत पुरते. कडेचे खळगे बाष्पीभवनाने आटतात. त्यांत निव्वळ माध्यम घाला आणि प्लेट ओलसर कागद ठेवलेल्या डब्यात ठेवा. रिकाम्या खळग्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन ही सीमा, तिच्या दुपटीपर्यंत कमजोर, चौपटीपर्यंत मध्यम, त्यापुढे जोरदार, ही स्टेपानोविच आणि सहकाऱ्यांची २००० सालची वर्गवारी सर्वमान्य आहे. तरी मूळ ओडीही तक्त्यात द्या. ओळखीचे नियंत्रक म्हणून स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचे एटीसीसी या अमेरिकन जिवाणूसंग्रहातले ३५९८४ हा जोरदार आणि १२२२८ हा न चिकटणारा स्ट्रेन चालतात, योग्य जैवसुरक्षेत.

फ्लो चेंबर मिळाला तर उत्तम, कारण त्यात भरती-ओहोटीसारखा ठरावीक प्रवाह देऊन पेशी बसताना आणि सुटताना थेट मोजता येतात. एकेका पेशीची नॅनोन्यूटनमधली ओढ ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपवर मोजतात, पण एम.एस्सी.च्या मुदतीत त्यामागे लागू नका. काचेच्या तुकड्यावर बसलेल्या पेशी ॲक्रिडीन ऑरेंजने रंगवून फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपखाली मोजणे हे दिसायला जुने काम, पण क्रिस्टल व्हायोलेटचा भ्रम तेच फेडते.

पुनरावृत्ती म्हणजे एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन नळ्या नव्हेत. स्टॉकमधून वेगवेगळ्या दिवशी वाढवलेली निदान तीन स्वतंत्र कल्चर्स हवीत. प्रमाण विचलन त्यांच्यामधले द्या.

तुमच्या त्या कमी टक्केवारीच्या, गडद रंगाच्या आयसोलेटवर सगळ्यात आधी हे करा. एक भाग नेहमीप्रमाणे हळू धुवा आणि एक भाग जादा वेळा, जोराने व्होर्टेक्स करून धुवा, म्हणजे चिकट थर निघेल. पेशी फुटल्या नाहीत याची ओडीने आणि मायक्रोस्कोपने खात्री करून घ्या. दोन्ही भागांवर एकाच दिवशी, एकाच बफरमध्ये हेक्साडेकेनची चाचणी आणि दोन तासांची प्लेट लावा. थर काढल्यावर तेलाची टक्केवारी चढली आणि प्लेटवरची संख्या बदलली, तर त्या थरामुळेच दोन चाचण्या विरुद्ध दिशांना जात होत्या, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. काहीच बदलले नाही, तर कमी क्षारांच्या आणि खाऱ्या द्रवातल्या चाचण्यांकडे वळा आणि भाराचा प्रश्न सोडवा. तेही दोन्हीकडे सारखेच आले, तर चोवीस तासांच्या प्लेटमधली वाढीची ओडी पुन्हा तपासा. तिथे तो जिवाणू इतर तिघांपेक्षा जोमाने वाढत असण्याची शक्यता मोठी आहे.